आधी गवत मोजा, मग शेळ्या आणा

वर्सोवा, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गावी चार-पाच एकर वरकस जमीन पडून असलेल्या माणसाच्या मनात शेळीपालनाचा विचार आला, की पहिला खर्च शेडवर होतो. पत्रे, लाकडी माचाण, जाळी, पाण्याची टाकी, गव्हाणी यांत दोन-अडीच लाख सहज जातात. मग बाजारातून पंचवीस-तीस शेळ्या टेम्पोत भरून येतात. श्रावण-भाद्रपदात कोकणातला डोंगर हिरवागार असल्यामुळे चाऱ्याची काळजी कोणी करत नाही. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, फेब्रुवारीत वणवा लागतो आणि एप्रिलमध्ये मालक वर्सोव्यात बसून विकतच्या चाऱ्याचे पैसे फोनवरून पाठवू लागतो. बहुतेक गोठे बंद पडतात ते याच टप्प्यावर. तेव्हा नाव मात्र रोगाचं किंवा गड्याचं घेतलं जातं.

हा लेख अशा मालकासाठी आहे आणि गावी राहून त्या शेळ्या प्रत्यक्ष राखणाऱ्या भावकीतल्या माणसासाठीही. दोघांनी एकत्र बसून वाचला तर जास्त उपयोगी पडेल. देशावर मेंढ्या किंवा उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या असलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. फक्त तिथे पाऊस कमी, त्यामुळे आकडे आणखी आखडून घ्यावे लागतील.

पहिलं काम म्हणजे आपल्या जमिनीवर किती चारा उभा आहे ते मोजणं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही त्याची योग्य वेळ. गवत फुलोऱ्यात असतं, वाढ जवळजवळ थांबलेली असते आणि पुढचे आठ महिने आपल्या हातात काय असणार आहे ते समोर दिसतं. बांबूच्या काठ्या किंवा पीव्हीसी पाइप जोडून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकोनी चौकट करा. जमिनीवर फिरत दहा ठिकाणी ती न पाहता टाका. चांगलं गवत बघून मुद्दाम टाकलीत तर सगळा हिशेब खोटा होईल. चौकटीतलं गवत जमिनीपासून दोन बोटं वर विळ्याने कापा. रानमोडी, घाणेरी, टाकळा असलं काही आलं तर बाजूला काढा, कारण शेळी ते खात नाही किंवा खाऊ नये. दहाही ठिकाणचं गवत गोणीत भरा, हातात चुरचुर वाजेपर्यंत उन्हात वाळवा आणि काट्यावर तोला.

समजा, वाळलेलं गवत दोन किलो भरलं. म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम. एक एकर म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर, म्हणजे एकरी 800 किलो वाळलेला चारा. यातला अर्धा जमिनीवर सोडायचा आहे. का, ते पुढे सांगतो. उरले 400. त्यातलंही सगळं शेळीच्या तोंडात जात नाही. काही तुडवलं जातं, काहीवर लेंड्या-मूत पडतं, काही वाळवी नेते. 300 किलो धरा. तीस किलो वजनाची शेळी दिवसाला वजनाच्या तीन ते चार टक्के, म्हणजे अंदाजे एक किलो कोरडा चारा खाते. तेव्हा या एका एकरात एका शेळीचे 300 दिवस निघतात. पाच एकरांत 1,500. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ महिने, म्हणजे 240 दिवस होतात. 1,500 भागिले 240, उत्तर सव्वासहा.

पाच एकर वरकस जमिनीवरच्या गवतावर कोरड्या दिवसांत सहा शेळ्या जगतात. शेळी निम्मं पोट झाडपाल्यावर भरते, म्हणून तुमच्या जमिनीत पुरेशी झाडं असतील तर हा आकडा बारापर्यंत नेता येईल. बाजारातून एकदम पंचवीस-तीस आणणाऱ्याने उरलेल्या तेरा ते अठरा शेळ्यांचं खाणं कुठून येणार, याचं उत्तर टेम्पो भाड्याने घेण्याआधी वहीत लिहावं. ते लागवडीचा चारा, साठवलेला चारा किंवा विकतचा चारा यांपैकी काहीही असू शकतं, पण ते लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्या जमिनीचा आकडा माझ्या उदाहरणापेक्षा जास्त भरेल किंवा कमी. कातळावर तो फारच कमी भरतो, दरीकाठच्या खोल मातीत बराच वर जातो. म्हणूनच शेजाऱ्याचा किंवा एखाद्या व्हिडिओतला आकडा घेऊ नका.

अर्धं खाऊ द्या, अर्धं राहू द्या

अर्धं गवत सोडायचं हे ऐकून पुष्कळ शेतकरी नाराज होतात. इतका चारा वाया का घालवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. उत्तर जमिनीखाली आहे. 1955 साली अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी गवताची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांचं काय होतं ते तपासलं. वरची निम्मी पानं कापली तर मुळांची वाढ जवळपास तशीच चालू राहिली. ऐंशी टक्के कापली तेव्हा सगळ्या मुळांची वाढ सुमारे बारा दिवस पूर्ण थांबली. पान हेच गवताचं स्वयंपाकघर असल्यामुळे ते उरलं नाही तर मुळाला खायला काही मिळत नाही. त्याच गवतावर आठवड्याने पुन्हा शेळ्या सोडल्या तर ते मूळ आखूड होत जातं, पाऊस लांबला की आधी करपतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे रानमोडी किंवा टाकळा घुसतो.

कोकणातल्या आणि घाटावरच्या डोंगरावर हे नेमकं याच क्रमाने घडतं. आधी मारवेल आणि पवना जातात, कारण ती गोड, पालेदार गवतं जनावर पहिल्यांदा शोधून खातं. त्यानंतर डोंगरी गवत विरळ होतं. मग कुसळीचं राज्य येतं. कुसळीच्याही खाली गेलेली जमीन म्हणजे नुसते खडे आणि तरवडाची झुडपं. आपल्या डोंगरावर आज कोणतं गवत जास्त आहे, ते पाहिलं की गेल्या दहा वर्षांत तिथे चराई कशी झाली ते कळतं. कुसळी दिसली म्हणून निराश होऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये ती कोवळी असताना शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. तिचा उपयोग तेव्हाच करून घ्यायचा. ऑक्टोबरनंतर तिची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीत अडकून कातडीत शिरतात, करडांच्या तोंडाला जखमा करतात. तेव्हा कळप तिकडे न्यायचा नाही.

दरवर्षी एक तुकडा पावसाच्या सुरुवातीपासून गवताचं बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, पूर्ण बंद ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. बियाणं विकत न घेता कुरण सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1990 च्या दशकात मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद केली. गावकऱ्यांनी गवत कापून न्यायचं, जनावर डोंगरावर सोडायचं नाही, असा नियम केला. आज तिथे जाऊन आलेल्या कोणालाही त्या डोंगराचं गवत आणि शेजारच्या उघड्या डोंगराचं गवत यांतला फरक सांगावा लागत नाही. वर्षानुवर्षं चराईने दमलेली जमीन असेल, तर पहिली दोन वर्षं कापून नेणंच बरं.

ढवळपुरीच्या वाड्यांकडून शिकण्यासारखं

कळप हलवत ठेवण्याची विद्या शिकायला परदेशी पुस्तकं लागत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर मेंढ्या घेऊन माळशेज उतरतात आणि मुरबाड, कल्याण, भिवंडीच्या भातखाचरांत येतात. फलटण, खंडाळा या बाजूचे मेंढपाळही घाट उतरून कोकणात येतात. वर्सोव्याहून भिवंडीकडे जाताना नोव्हेंबर ते एप्रिल या काळात महामार्गालगतच्या खाचरांत हे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तळ, दिसतात. घोड्यांवर बिऱ्हाड, वाघरीच्या जाळीत कोकरं, शेजारी कुत्री. मुंबईकर गाडीतून फोटो काढून पुढे जातात. शेळ्या पाळायचं मनात असेल तर त्यांनी तिथे उतरून दोन तास बसावं.

कोकणात मेंढी पावसाळा काढू शकत नाही. ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात, लोकर भिजून सर्दी-खोकला होतो. देशावर उन्हाळ्यात चारा नसतो. कोकणात भात कापल्यावर खाचरात धसकटं, बांधावरचं गवत आणि पडलेले दाणे असतात. शेतकऱ्याला खत हवं असतं. म्हणून एका खाचरात एक-दोन रात्री मेंढ्या बसवायच्या, त्याबद्दल भात किंवा रोख घ्यायचं आणि पुढच्या शेतात जायचं. पाऊस पडायच्या आत पुन्हा घाट चढायचा. ठरावीक तुकड्यावर थोडाच काळ थांबणं, खाल्लेल्या जागेवर लगेच न परतणं आणि लेंड्या जिथे हव्यात तिथेच पडतील असं पाहणं, या तीनही गोष्टी त्यांच्या रोजच्या कामात येतात. 1957 साली फ्रान्सचे आंद्रे वॉइझां यांनी गवताच्या उत्पादकतेवरच्या पुस्तकात थांबण्याच्या आणि विश्रांतीच्या काळाचे जे नियम मांडले, त्यांच्याशी हे सहज जुळतं.

मेंढका चालतो कुठे, तेही बघा. कळपाला चारायचं असतं तेव्हा तो पुढे राहतो, सावकाश चालतो, अधूनमधून वळून हाळी देतो. मेंढ्या त्याच्यामागे पसरून, दोन्ही अंगांना तोंड मारत येतात. कळप मागून काठीने हाकला की जनावरं एकमेकांना चिकटून पळतात, खातात कमी आणि तुडवतात जास्त. तुमच्या गावच्या राखण्याला सांगायची ही पहिली गोष्ट. काठी पाठीमागे नको, पुढे चाला.

सगळ्यांना वाडा घेऊन फिरणं शक्य नाही. आपल्या पाच एकरांतच फिरायचं असेल तर तुकडे पाडावे लागतील. हिशेब सोपा आहे. पावसाळ्यात गवताला चरल्यानंतर तीस ते चाळीस दिवस विश्रांती लागते. एका तुकड्यात कळप चार-पाच दिवस ठेवायचा. पस्तीस दिवस विश्रांतीला पाच दिवसांनी भागलं तर सात येतात, त्यात आता चरत असलेला एक तुकडा मिळवा. आठ तुकडे. पक्कं कुंपण आठ वेळा घालायची गरज नाही. बाहेरचं कुंपण गिरिपुष्प आणि शेवरीच्या जिवंत खांबांचं करा, त्यातून पालाही मिळेल. आतले तुकडे वाघरीसारख्या हलवता येणाऱ्या जाळीने किंवा निव्वळ राखण्याच्या पायांनी पाडता येतात, फक्त हद्दीला चुना मारलेले दगड हवेत.

नोव्हेंबरनंतर हा फेरा बदलतो आणि इथे बरेच जण फसतात. जमिनीत ओल नसली की विश्रांती देऊनही गवत वाढत नाही. तेव्हा उभं गवत ही कोठीतली शिल्लक समजून पट्ट्यापट्ट्याने चारा. सगळे आठ तुकडे एकदम उघडे टाकले तर शेळ्या पहिल्या महिन्यात सगळीकडची गोड पानं निवडून खातात आणि मार्चला नुसत्या काड्या उरतात.

जंत कुरणातच राहतात

आपल्याकडे शेळी खंगली की औषध पाजतात, दोन महिन्यांनी पुन्हा पाजतात. जंत मात्र कुरणात असतात. लेंडीतून पडलेल्या अंड्यातून उबदार, दमट हवेत आठवडाभरात संसर्ग करणारी अळी तयार होते आणि दवाच्या, पावसाच्या थेंबातून गवताच्या पात्यावर चढते. ती फार वर जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचांतच असतात. यावरून करायच्या गोष्टी आपोआप ठरतात. गवत चार बोटांच्या खाली चरू द्यायचं नाही. पावसाळ्यात एका तुकड्यात पाच दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हणजे आज पडलेल्या लेंडीतली अळी तयार होईपर्यंत कळप पुढे गेलेला असतो. सकाळी दव वाळल्याशिवाय शेळ्या बाहेर काढायच्या नाहीत. भाताच्या खाचरात, ओढ्याच्या कडेला साचलेल्या पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून पर्णकृमी येतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर त्या कडेला कळप नेऊ नये.

दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटून बघा. आतला रंग लालसर-गुलाबी असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरट असेल तर ते जनावर लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्त पिणाऱ्या जंतांचं हे सर्वांत सोपं निदान आहे. सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजत राहिलं तर जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून लेंडी तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मुंबईकरांना परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, 1886 पासूनचं.

मे महिन्यात आंत्रविषाराची लस टोचून घेणं विसरू नका. पहिल्यांदा टोचत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा लागते. मृगाच्या पावसानंतर कोवळं, पाणीदार गवत उगवतं. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली शेळी ते अधाशासारखं खाते आणि धष्टपुष्ट दिसणारी करडंच एका रात्रीत दगावतात. लस हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा असा, की पहिले पाच-सहा आठवडे कुरण बंद ठेवायचं. ते उघडल्यावरही सुरुवातीला सकाळी आधी थोडं वाळलेलं गवत किंवा पेंढा खाऊ घालायचा आणि मग तासाभरासाठी बाहेर काढायचं. कोवळं गवत उपटून निघतं, मुळासकट जातं, म्हणून कुरणाच्या दृष्टीनेही हे पाच-सहा आठवडे मोलाचे आहेत.

याचा अर्थ जून-जुलैचा चारा आदल्या ऑक्टोबरलाच घरात आला पाहिजे. कोकणात या दोन महिन्यांत शेळी भिजायला तयार नसते, गोठ्यातच उभी राहते. फुलोऱ्यातलं गवत कापून वाळवा. बी झडून काडी झालेलं गवत वाळवण्यात श्रम घालू नका, त्यात पोषण उरलेलं नसतं. मका किंवा संकरित नेपियर असेल तर मुरघास करा. कुट्टी करून पिशवीत हवा न राहील असं दाबून भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, दीड महिन्याने उघडायचं. बुरशी आलेला मुरघास गाभण शेळीला चुकूनही देऊ नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत हे नेपियर आणि फुले मारवेल 06-40 हे मारवेल दोन्ही ठोंबांपासून लागतात. नेपियर विहिरीच्या किंवा सांडपाण्याच्या कडेला लावा, मारवेल पावसावर बांधावर आणि उतारावर. जांभ्या जमिनीत स्टायलो हे द्विदल गवत चांगलं येतं. बी कठीण असतं, गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून, सुकवून पहिल्या पावसात फेकायचं. दशरथ घास बांधावर एकदा लावला की वर्षानुवर्षं कापता येतो.

वणव्याचंही आत्ताच सांगतो. जानेवारीत हद्दीवर पाच-सहा हात रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा करा. तो केला नाही तर वर केलेला सगळा हिशेब फेब्रुवारीच्या एका दुपारी जळून जातो.

झाडपाला, बाग आणि विषारी चारा

मेंढी मान खाली घालून जमिनीलगत चरते. शेळी मान वर करून, मागच्या पायांवर उभी राहून पाला ओढते. दोघी एकत्र असतील तर त्या एकमेकींच्या तोंडचं फारसं घेत नाहीत, पण शेळीला नुसत्या गवतावर ठेवलं तर ती नाराज राहते आणि जंतही जास्त होतात. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाची शेळी तर डोंगरातल्या झुडपांवर पोसलेली आहे. कोकणात फणसाचा पाला शेळीला सर्वांत प्रिय. उंबर, ऐन, किंजळ, शिवण, पांगारा हेही चालतात. देशावर बोर, बाभळीच्या शेंगा, हिवर, शेवरी. पाला छाटताना झाडाचा वरचा शेंडा ठेवा आणि दरवर्षी त्याच झाडाला हात लावू नका. गिरिपुष्पाच्या वासाने शेळी तोंड फिरवते. दिवसभर सुकवून दिला की खाते. सुबाभूळ प्रथिनांनी भरलेला आहे, पण त्यात मिमोसिन असतं. रोजच्या चाऱ्यात तो एक तृतीयांशाच्या वर नको, नाहीतर केस गळतात, गाभण जनावराला त्रास होतो.

विषबाधेच्या बाबतीत ज्वारीची किराळ सर्वांनी लक्षात ठेवावी. पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले कोंब यांत सायनाइड तयार होतं. पाच-दहा मिनिटांत जनावर धापा टाकून पडतं. फुलोऱ्यावर आलेली ज्वारीच चारा म्हणून द्यावी. घाणेरी, कण्हेर आणि रुई या तिन्हींपासून कळप दूर राहील हे पाहा. उपाशी शेळी एरवी न खाणारं झाडही खाते, त्यामुळे विषबाधा बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत आणि चारा संपलेल्या कळपात होते.

आंबा-काजूच्या बागेत शेळ्या चारल्या तर गवत कापण्याची मजुरी वाचते आणि खत मिळतं. झाडाच्या फांद्या शेळीच्या तोंडाच्या वर गेलेल्या असल्या पाहिजेत. चार-पाच वर्षांच्या आतल्या कलमांत शेळी सोडणं म्हणजे कलमं घालवणं. मोहोरापासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत आंब्यावर तुडतुड्याच्या फवारण्या चालू असतात. त्या काळात बागेतलं गवत चारू नका. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर लिहिलेला थांबण्याचा काळ वाचा. तो काळ संपेपर्यंत बागेचं दार बंद. काजूची बोंडं शेळ्या आवडीने खातात. थोडी द्यायला हरकत नाही, ढिगावर सोडलं तर पोट फुगतं.

वर्सोव्यातून कुरण कसं राखायचं

महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या मालकाला कुरणाची खरी स्थिती कळत नाही. तो जातो तेव्हा शेळ्या आंघोळ घालून उभ्या असतात. त्यासाठी एक साधी पद्धत लावा. प्रत्येक तुकड्यात एक दगड रंगवून पक्का करा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला राखण्याने त्या दगडावर उभं राहून, त्याच दिशेने, गुडघ्याएवढ्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. फोटोत काठीवर बोटांच्या खुणा केलेली एक पट्टी उभी असू द्या, म्हणजे गवताची उंची लगेच दिसते. वर्षभराने हे फोटो ओळीने लावले की कुठला तुकडा सुधारतोय, कुठला बसतोय ते दिसतं. वाद होत नाहीत.

राखण्याशी बोलताना आकडे त्याच्याकडून घ्या. मारवेल कुठे येतो, कोणत्या ओढ्याचं पाणी मार्चमध्ये आटतं, कुठे बिबट्या येतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही त्याला द्यायची ती गोष्ट म्हणजे अधिकार. पाचव्या दिवशी तुकडा बदलायचा असं ठरलं असेल आणि त्याला तिसऱ्याच दिवशी गवत चार बोटांवर आलेलं दिसलं, तर फोन न करता कळप हलवायची मोकळीक त्याला असली पाहिजे. पगार शेळ्यांच्या संख्येवर ठरवू नका. संख्या वाढवण्यात त्याचा फायदा झाला तर तो दुबळी शेळीही विकू देणार नाही आणि कुरणावरचा भार वाढत जाईल. वर्षअखेरीला कळपाचं एकूण वजन किती वाढलं त्यावर काही हिस्सा द्या.

खुद्द वर्सोव्यात, गावठाणात किंवा यारी रोडच्या मागे दोन-चार शेळ्या बांधून ठेवणारेही आहेत. त्यांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शिळा भात, पाव, लग्नातलं उरलेलं जेवण एकदम घालू नका. कोठीपोटात आम्ल वाढून शेळी दोन दिवसांत मरते. आणि खाडीकाठच्या तिवरांत शेळ्या सोडू नका. तिवराचा पाला शेळीला आवडतो, जुन्या काळी कोकण किनाऱ्यावर तो जनावरांना घालतही असत. आता मात्र 2005 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाला संरक्षण आहे आणि नवी रोपं शेळीच्या एका घासात संपतात. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत हिरवा चारा रोज येतो, त्या गाडीवाल्याशी बोलून पेंढी लावून घ्या.

मेंढ्या असलेल्या भूमिहीन कुटुंबांनी राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतलं चराई अनुदान जरूर मागावं. ते जून ते सप्टेंबरसाठी असतं, कारण पेरण्या झाल्यावर मेंढ्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. अर्जाची माहिती तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आणि पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे मिळते.

शेवटी पैदास आणि विक्रीचं वेळापत्रक. शेळी पाच महिने गाभण असते. शेवटच्या दीड महिन्यात आणि व्यायल्यानंतरच्या दोन महिन्यांत तिला सर्वांत चांगला चारा लागतो. जुळं देणाऱ्या शेळीला आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्णसारख्या जुळी कोकरं देणाऱ्या मेंढीला तर आणखी जास्त. मे-जूनमध्ये बोकड लावला की शेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरला विते, म्हणजे तिचे नाजूक दिवस उत्तम गवताच्या काळात येतात. एरवी बोकड वेगळा बांधा. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2026 मध्ये ती मेच्या अखेरीस आहे. ईदसाठी वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो, तेव्हा नोव्हेंबरचं करडू पहिल्या ईदला लहान पडतं आणि एक पूर्ण पावसाळा चरून दुसऱ्या ईदला दीड वर्षाचं, भरदार होतं. ज्यांना तेवढे दिवस पोसता येणार नाही असे नर, भाकड शेळ्या आणि दात गेलेल्या म्हाताऱ्या शेळ्या जानेवारीत बाजूला काढा. चौकट घेऊन पुन्हा एकदा गवत मोजा. जितक्या जनावरांचा जूनपर्यंतचा चारा भरत नाही, तितकी जनावरं फेब्रुवारीच्या आत, अंगावर मांस असताना, काट्यावर तोलून विका. एप्रिलमध्ये सगळ्यांचाच चारा संपतो, बाजारात हाडकुळ्या शेळ्यांची गर्दी होते आणि व्यापारी नजरेने भाव सांगतो.